बदकाचं कॉन्फी: बरणीवरची चरबी काय सांभाळते आणि काय नाही

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. फ्रान्समध्ये तुलूझला येऊन तुम्हाला वर्ष झालं. घरमालकीणबाईंच्या हातचं बदकाचं कॉन्फी, म्हणजे मीठ लावून चरबीत मंद शिजवलेलं बदक, खाल्लं, फार आवडलं, म्हणून त्यांनी तोंडी सांगितलं तसं सहा तंगड्या घरी करून पाहिल्या. दोन लगेच खाल्ल्या. त्या खारट आणि चिवट लागल्या. उरलेल्या चार चरबीत बुडवून बरणीत भरल्या आणि इमारतीच्या तळघरात ठेवल्या, कारण बाईंच्या बरण्याही तिथेच वर्षभर असतात. त्याला आता तीन आठवडे झाले. इंटरनेटवर सगळे फ्रीज म्हणतात, बाई तळघर म्हणतात, तेव्हा ऐकायचं कोणाचं? शिवाय मे महिन्यात सांगलीला आई-बाबांना हे करून घालायचं आहे.

सगळ्यात आधी तळघरातली बरणी. ती टाकून द्या. उघडून वास घेऊन ठरवू नका आणि बोटभर चाखून तर मुळीच बघू नका. झाकणासकट पिशवीत घट्ट बांधून कचऱ्यात टाका आणि हात साबणाने धुवा. चार तंगड्यांचे पैसे आणि मेहनत वाया जाते, वाईट वाटतं, पण इथे दुसरा सल्ला मी देऊ शकत नाही. कारण पुढे येईलच.

मी या भागात, गॅस्कनीत, व्यवसायाने स्वयंपाक करतो. हिवाळा लागला की आमच्याकडे बदकांचं काम सुरू होतं, आणि कॉन्फी हा त्यातला मोठा भाग. नवीन मुलं कामावर आली की त्यांचा हमखास एक समज असतो, तोच तुमचाही झाला आहे: चरबीचा थर दिला म्हणजे मांस टिकलं. चरबी मांस टिकवत नाही. ती फक्त हवा अडवते. टिकवण्याचं काम मीठ, उष्णता आणि गारवा हे तिघं मिळून करतात, आणि यातला एक जरी कमी पडला तरी चरबीचा जाड थर उपयोगाचा नसतो. उलट त्या थराखाली हवा नाही म्हणूनच धोका वाढतो.

आपल्या लोणच्यावरून हे पटकन कळतं. कैरीच्या लोणच्यावर तेल तरंगत असतं, दादरा बांधून बरणी फळीवर ठेवली की वर्ष निघतं. पण ते लोणचं टिकतं कैरीच्या आंबटपणावर आणि भरपूर मिठावर. तेलाने बुरशी लागत नाही, एवढंच. आता त्याच बरणीतून आंबटपणा काढून टाका, मीठ पाव हिश्शावर आणा आणि कैरीच्या जागी शिजलेलं मांस भरा. राहिलं काय? ओलसर, पौष्टिक, जराही आंबट नसलेलं मांस आणि त्यावर हवाबंद झाकण. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जिवाणूला नेमकं हेच हवं असतं. हवा नसेल तिथेच तो वाढतो. आंबटपणाचा पीएच (आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट) ४.६ च्या खाली गेला की त्याची वाढ थांबते, पण मांसाचा पीएच सहाच्या आसपास असतो. मिठाने थांबवायचं तर मांसातल्या पाण्यात साधारण दहा टक्के मीठ लागतं. तेवढं मीठ घातलं तर घास गिळवणार नाही.

त्याचे बीजाणू, म्हणजे जिवाणूची कवचात झोपलेली रूपं, साध्या उकळीने मरत नाहीत. तुम्ही तंगड्या तीन तास शिजवल्या तरी ते जिवंत राहू शकतात, आणि तळघरातल्या बारा-चौदा अंशांत हळूहळू जागे होतात. ते जे विष तयार करतात त्याला बऱ्याचदा ना वास असतो ना रंग. सप्टेंबर २०२३ मध्ये बोर्डोतल्या एका बारमध्ये तिथेच बरणीत भरलेल्या सार्डिन खाऊन बरेच लोक आजारी पडले आणि एका व्यक्तीचा जीव गेला. मासळीऐवजी बदक असतं तरी गणित तेच. हे विष ८५ अंशांवर पाच मिनिटांत निकामी होतं हे खरं, पण संशयास्पद बरणी गरम करून खाण्याची पळवाट म्हणून ही माहिती वापरायची नाही.

मग घरमालकीणबाई चुकतात का? त्यांना एकच विचारा: बरण्या भरल्यावर तुम्ही त्या उकळता का? माझा अंदाज, त्या हो म्हणतील. इथल्या गावांतून नारिंगी रबराची कडी आणि तारेचा खटका असलेल्या काचेच्या बरण्या वापरतात. त्यांत तंगड्या भरून, झाकण लावून, मोठ्या पातेल्यात पाण्याखाली दोन-तीन तास उकळतात. ही पद्धत निकोला आपेर या फ्रेंच हलवायाची; त्याने ती १८१० साली पुस्तकात छापली. अन्न का टिकतं हे पाश्चरने पुढे बऱ्याच वर्षांनी समजावलं. म्हणजे बाईंच्या बरण्या चरबीवर टिकत नाहीत, त्या झाकण लागल्यावर पुन्हा उकळलेल्या असतात. तुम्हाला सांगताना ही पायरी त्यांच्याकडून राहिली असेल. रोजच्या कामातल्या गोष्टी सांगायच्या राहतात.

तरीसुद्धा मी स्वतः घरी ती पद्धत वापरत नाही. शंभर अंशांत बीजाणू पूर्ण मरत नाहीत, त्यासाठी १२१ अंश लागतात आणि तेवढी उष्णता बरणीच्या मध्यापर्यंत पोचावी लागते. चरबीने भरलेल्या बरणीत ती फार सावकाश पोचते. कॅनिंगच्या कारखान्यात ऑटोक्लेव्ह, म्हणजे वाफेच्या दाबावर चालणारं मोठं यंत्र, असतो, तिथे हे मोजून होतं. आपला शिट्टीचा कुकर आतून जवळपास त्याच तापमानाला जातो, म्हणून ‘कुकरमध्ये बरण्या ठेवू का’ असं मला मराठी लोक हमखास विचारतात. नका ठेवू. त्यात तापमान सलग किती वेळ टिकलं हे कळत नाही, तो झपाट्याने थंड होतो, आणि काठावर चरबी आली तर रबर नीट बसत नाही. वर्षभर फळीवर राहील असं कॉन्फी हवं असेल तर इथल्या बाजारात डबाबंद मिळतं आणि ते खरोखर चांगलं असतं. घरी करायचं ते फ्रीज आणि फ्रीझरच्या भरवशावर.

जुन्या काळी लोक उभट मातीच्या, आतून झिलईच्या भांड्यांत तंगड्या चरबीखाली नुसत्या ठेवायचे, हेही खरं आहे. पण बदकं कापली जायची नोव्हेंबर-डिसेंबरात. मीठ आजच्या कितीतरी पट, इतकं की खाण्याआधी मांस धुवावं लागे. कोठारं थंडीने गारठलेली, आणि वसंत येईपर्यंत भांडं बरंचसं रिकामं. शिवाय ते कॉन्फी बहुतेक वेळा गार्ब्यूरमध्ये, म्हणजे कोबी, घेवडा आणि कंदांच्या घट्ट सुपात, तासभर उकळूनच पानात पडायचं. आज आपण मीठ कमी केलं, तळघराच्या भिंतींतून गरम पाण्याचे नळ गेले, आणि तंगडी वरून कुरकुरीत केली की लगेच खातो. नाव जुनंच राहिलं, पण त्याला सांभाळणाऱ्या तीनही गोष्टी बदलल्या.

आता तुमच्या खारट आणि चिवट तंगड्यांकडे येतो. खारटपणा मिठाच्या पद्धतीमुळे. बाईंनी ‘जाड मिठात गाडून रात्रभर ठेवा’ असं सांगितलं असणार. त्या पद्धतीत मीठ किती शिरेल हे तंगडीची जाडी, मिठाचा दाणा आणि घड्याळ यांवर ठरतं. घोट्याकडचा पातळ भाग खारट होतो आणि मांडीच्या पोटात मीठ पोचतच नाही. बाईंचा हात बसलेला आहे, तुमचा अजून नाही. तुम्ही वजन करा. एक किलो मांसाला १८ ग्रॅम मीठ. सहा तंगड्या २.२ किलो भरल्या तर ४० ग्रॅम. चमच्याने मोजू नका. जाड मिठाचा चमचा आणि बारीक मिठाचा चमचा यांत बराच फरक पडतो. त्यातच ठेचलेली मिरी, थाइमच्या काड्या, लसणाच्या तीन-चार पाकळ्या आणि लॉरेलचं पान चुरून घाला. लॉरेल म्हणजे आपलं तमालपत्र नव्हे, त्याचा वास वेगळा. सामानात असलं तरी ते इथे घालू नका. सगळं नीट चोळून झाकून फ्रीजमध्ये दीड दिवस ठेवा. एकदा उलटा. मीठ मोजून घातलेलं असल्यामुळे नंतर धुवायची गरज नाही. फक्त कागदी टॉवेलने खरंच कोरड्या होईपर्यंत पुसा, कारण मांसावरचं पाणी चरबीत उतरतं आणि पुढे तेच पाणी आधी खराब होतं.

चिवटपणाची कारणं दोन असू शकतात, आणि कोणतं हे तुम्ही तंगडी कुठली घेतली यावर अवलंबून आहे. पाकिटावर ‘कानेत’ लिहिलं असेल तर ती कोवळी, कमी चरबीची मादी. भाजायला उत्तम, कॉन्फीला जरा कोरडी. या पदार्थासाठी ‘कानार ग्रा’ शोधा, म्हणजे फोआ ग्रासाठी (बदकाच्या चरबट काळजासाठी) खिलवून पुष्ट केलेलं बदक. ते बहुधा म्यूलार असतं, मस्कोव्ही नर आणि पेकिन मादी यांचा संकर. त्याची तंगडी हातात घेतली की फरक कळतो. वजनाला दणदणीत, आणि कातडीखाली बोटाच्या पेराएवढा चरबीचा थर. खिलवण्याच्या पद्धतीबद्दल अनेकांना आक्षेप आहे आणि तो समजण्यासारखा आहे. तुम्हालाही तो असेल तर कानेतच घ्या, वेळ कमी द्या, चरबी विकतची वापरा, पदार्थ होतो. एरवी सामातां गावात सोमवारी बाजार भरतो, हिवाळ्यात तिथे एकदा जाऊन याच. काळीज आणि सांगाडा काढून घेतलेलं अख्खं बदक तिथे मिळतं, त्याला पालतो म्हणतात. तंगड्या कॉन्फीला, छातीचं मांस तव्यावर, आणि उरलेली कातडी-चरबी कढवायला. एकाच खरेदीत सगळं भागतं.

चरबी कढवायची तर कातडीचे बारीक तुकडे जाड बुडाच्या पातेल्यात वाटीभर पाण्याबरोबर मंद आचेवर ठेवा. पाणी आटेपर्यंत चरबी सुटत जाते आणि लागत नाही. तुकडे सोनेरी झाले की गाळून घ्या. तळाशी उरलेले कुरकुरीत तुकडे मीठ टाकून लगेच खावेत. आमच्याकडे ते ताटलीपर्यंत पोचतच नाहीत. सहा तंगड्यांना किलोभर चरबी पुरते, पण भांडं असं निवडा की तंगड्या एकमेकींना खेटून बसतील. ऐसपैस पातेलं घेतलंत तर दुप्पट चरबी लागेल.

चिवटपणाचं दुसरं कारण आच. बहुतेकांचं इथेच बिघडतं. चरबी उकळल्यासारखी दिसू लागली, म्हणजे मांसातलं पाणी वाफ होऊन बाहेर पडतं आहे. आपल्याला ते नको आहे. कातडीतले आणि सांध्यांतले चिवट तंतू विरघळून जिलेटिन होण्यासाठी वेळ लागतो, आणि हे काम ७०-७५ अंशांवरही चांगलं होतं. म्हणून ओव्हन ११० अंशांवर, आणि आतली चरबी ९० ते ९५ अंशांवर राहील असं बघा. सुईचा थर्मामीटर घ्या, फार महाग नसतो. चरबीचा पृष्ठभाग जवळजवळ स्थिर हवा, मधूनच एखादा बारीक बुडबुडा वर यावा. कानार ग्राच्या तंगड्यांना तीन ते चार तास, कानेतला अडीच. घड्याळापेक्षा घोट्याकडे लक्ष ठेवा. कातडी हाडावरून वर सरकून हाडाचं टोक उघडं पडतं, आणि चिमट्याने ते टोक फिरवलं की मांडीच्या आत हाड सुटं फिरतं. असं झालं की थांबा. त्यानंतर आणखी अर्धा तास ठेवलंत तर तंगडी बरणीत भरताना तुटेल.

हल्ली बरेच जण ७५ अंशांवर रात्रभर, पिशवीत वगैरे शिजवतात. मऊपणाच्या दृष्टीने ते ठीक, लगेच खाणार असाल तर जरूर करा. मी साठवायच्या कॉन्फीसाठी ते करत नाही. बोट्युलिनमचा एक प्रकार फ्रीजच्या गारव्यातही वाढू शकतो, पण त्याचे बीजाणू उष्णतेला कमी टिकतात. मांसाच्या मध्यभागी ९० अंश दहा मिनिटं मिळाले की ते जातात. आपण मध्यापर्यंत ९० गाठलं की फ्रीजमध्ये वाढणारा प्रकार संपतो, आणि जो उरतो तो चिवट प्रकार दहा अंशांखाली वाढत नाही. ओव्हन आणि फ्रीज दोघांनी मिळून हे साधतं, म्हणून दोन्हींपैकी एकातही सूट घेता येत नाही. शिजणं संपत आलं की थर्मामीटरची सुई सगळ्यात जाड मांडीत खुपसून खात्री करा.

साठवताना सगळ्यात महत्त्वाचं काय असेल तर चरबीखाली जमलेला रस. तंगड्यांतून सुटलेलं तपकिरी पाणी भांड्याच्या तळाशी बसतं आणि गार झालं की थरथरती जेली होते. ती बरणीत गेली तर चरबीखालचं मांस त्या पाण्यात बसून राहतं आणि बिघाड तिथूनच सुरू होतो. म्हणून तंगड्या झाऱ्याने अलगद काढून, उकळत्या पाण्याने धुऊन कोरड्या केलेल्या बरणीत रचा. वरची स्वच्छ चरबी डावाने काढून मलमलच्या फडक्यातून गाळत ओता, आणि तळाचा रस दिसू लागला की हात थांबवा. लसूण, थाइम, पानं, काहीही बरणीत जाऊ देऊ नका. चरबीत बुडालेला कच्चा लसूण तर कधीच नको. तो जमिनीतून येतो आणि हे बीजाणूही मातीतलेच. बरणी हलकेच आपटून अडकलेली हवा वर येऊ द्या. तंगड्यांवर किमान दोन सेंटिमीटर चरबी हवी. थिजल्यावर कुठे हाड वर डोकावलं तर आणखी ओता. रस मात्र फेकू नका. तो खारट असतो, पण वाटीभर मसुरीत किंवा सुपात घातला की मिठाची गरज उरत नाही.

फ्रीज चार अंशांवर किंवा त्याखाली हवा. दारातल्या कप्प्यात नाही, आत मागच्या बाजूला. असं ठेवलेलं मी तीन, फार तर चार आठवडे वापरतो. दोन-तीन महिने वापरणारे लोक आहेत, पण घरचा फ्रीज दिवसभर उघडतो-मिटतो, म्हणून मी तुम्हाला ते सांगणार नाही. जास्त हवं असेल तर पिशवीत थोड्या चरबीसकट फ्रीझरमध्ये सहा महिने खुशाल ठेवा. चवीत फारसा फरक पडत नाही. पिशवीवर तारीख लिहा. निदान तीन-चार दिवस मुरल्याशिवाय खाऊ नका, कारण मीठ आतपर्यंत सारखं पसरायला तेवढा वेळ लागतो. तुम्ही दोन तंगड्या ओव्हनमधून काढून लगेच खाल्ल्यात, त्यानेही खारटपणा जास्त जाणवला असेल.

खायच्या दिवशी बरणी कोमट पाण्यात ठेवा. चरबी सैल झाली की तंगडी आपोआप निघते, ओढलीत तर कातडी फाटेल. थंड तव्यावर कातडी खाली करून ठेवा, मग मध्यम आच द्या. कातडी कुरकुरीत झाली की दोनशे अंशांच्या ओव्हनमध्ये पंधरा-वीस मिनिटं, आतपर्यंत सणसणीत गरम होईपर्यंत. सोबत त्याच चरबीत बटाट्याच्या काचऱ्या करा, शेवटी लसूण आणि पार्सली बारीक चिरून. सार्ला गावाच्या बाजूला त्या अशाच करतात आणि कॉन्फीबरोबर मला दुसरं काही लागत नाही.

सांगलीचं थोडक्यात. मे महिन्यात बदकाची चरबी ओट्यावर थिजणारच नाही, म्हणजे बरणीचं नावही काढू नका. फोआ ग्राच्या आयातीवर भारतात २०१४ पासून बंदी आहे, म्हणून तसं पुष्ट बदकही मिळणार नाही. मिळेल ते बहुधा अंड्यांसाठी पाळलेलं, रानात चरलेलं, सडपातळ. त्याला स्वतःची चरबी पुरणार नाही. तूप वापरलंत तर पदार्थ चांगला होईल, पण चव तुपाची येईल. शेंगदाण्याचं तेल चरबीसारखं घट्ट थिजत नाही, पण शिजवायला चालेल. मिठाचं प्रमाण तेच ठेवा, वेळ तासाभराने वाढवा, कारण असं मांस घट्ट असतं. मीठ फ्रीजमध्येच लावा. शिजल्यावर लगेच गार करा, तीन-चार दिवस फ्रीजमध्येच मुरवा आणि तेवढ्यातच संपवा. वीज बराच वेळ गेली तर त्या दिवशीच सगळ्यांना वाढून मोकळे व्हा.

आणि इथल्या चरबीचं: तंगड्या संपल्यावर ती वितळवा, गाळा, तळाचा गाळ टाका आणि पुन्हा फ्रीजमध्ये ठेवा. पुढच्या खेपेला तीच वापरा. दर खेपेला तिच्यात थोडं मीठ आणि रंग उतरतो. काचऱ्या मीठ न घालता खारट लागू लागल्या किंवा खवट वास आला की ती चरबी बदला. तुमच्या तळघरातल्या बरणीतली चरबी मात्र यात मोजू नका, ती तंगड्यांबरोबरच जाऊ द्या.